आंघोळीच्या हंड्यातला भात

बुधवार, २ जानेवारी १९३५. बंगल्यात हजर: मी, लोकल बोर्डाची नर्स, मुक्काम अलिबाग. माझ्या सोबतची दाई, वयाने माझ्याहून मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी. पुढच्या खोलीत मुंबईचे एक वकीलसाहेब, त्यांचे लाकडाचे व्यापारी स्नेही आणि दोघांच्या दोन बंदुका. चौकीदार, जो नात्याने माझा चुलतभाऊ. गैरहजर: माझे वडील, आबा. ते खाली गावात, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर होते. पण बंगल्याच्या फाटकातून ते चौदा वर्षांत आत आले नव्हते.

हे मी त्या वेळच्या माझ्या वहीतून उतरवते आहे. मला याद्या करायची सवय आहे. बाळंतपणाला निघताना कात्री, दोरा, बोरिकची पूड यांची यादी करता करता ती लागली आणि मग सगळ्याच गोष्टींना लागली. त्या दिवशीच्या पानावर चार कामे लिहिलेली आहेत.

१. बंगल्याची जुनी वही काढून ते पान पाहणे.
२. वकिलाला खोलीबाहेर काढणे.
३. त्याच्याच हाताने तो शब्द खोडून घेणे.
४. शनिवारी आबांच्या हातचा भात.

चौथ्या कामापासून सांगितले तर बाकीची कळतील.

आमचे गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, डोंगराच्या पायाशी आहे. गावाच्या वरच्या अंगाला सरकारी बंगला: दोन खोल्या, पुढे ओटा, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. बंगल्यामागचा ओढा ओलांडला की संस्थानचे राखीव शिकारीचे रान लागते. त्यात परवान्याशिवाय वाळकी काटकी उचलायचीही बंदी. आणि बंगल्याखाली, खाडीपर्यंत उतरत गेलेला उघडा माळ आहे, त्याला गावात ‘लढाईचा माळ’ म्हणतात. मराठी आरमाराची माणसे आणि सिद्दीची माणसे तिथे एकमेकांवर पडली आणि दोन्हीकडची तिथेच राहिली, इतकेच गावाला माहीत आहे. साल कोणी सांगत नाही. मुंबईहून येणारे पाहुणे सांगतात आणि प्रत्येक जण वेगळे सांगतो.

त्या मेलेल्यांना मार्गशीर्षातल्या अवसेला भात घालतात. घरटी एक मूठ तांदूळ. कोळीवाड्यातून मीठ येते, मोहल्ल्यातून नारळ येतात. भात एकाच भांड्यात शिजवायचा, कारण दोन भांडी केली तर दोन बाजू झाल्या. रांधणाराही एकच, आणि त्याच्या नावावर डाग नसावा. चूल पेटल्यापासून पाने वाढून होईपर्यंत त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. आबांनी मला लहानपणी याचे कारण सांगितले होते. “मेलेली मान्सं रुसकी. ह्याची बोली आधी कानावर पडली का त्याची, यावरून पुन्हा जुंपायची त्यांची.”

आबा त्या बंगल्याचे चौकीदार होते आणि भात रांधायचा मानही त्यांच्याकडेच होता. आधी त्यांच्या वडिलांकडे होता. गावाचे मोठे भांडे तळाला फुटले तेव्हापासून आबा बंगल्यातला तांब्याचा हंडा त्या दिवसापुरता खाली नेत. हंडा खरे तर साहेबलोकांच्या आंघोळीचे पाणी तापवायचा. चिंच आणि राख लावून ते तो असा घासत की त्यात तोंड दिसे. नेताना घासायचा, आणताना घासायचा. गावात एवढे मोठे दुसरे भांडे नव्हते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते.

चौदा वर्षांपूर्वीच्या अवसेला हे वकीलसाहेब बंगल्यात उतरले होते. तेव्हा ते तरुण होते. सकाळी ठरल्यापेक्षा लवकर शिकारीहून परत आले, चिखलाने भरलेले आणि रिकाम्या हाताने. आंघोळीला पाणी मागितले तर हंडा जाग्यावर नाही. माझा चुलतभाऊ त्या वेळी बंगल्यावर लाकडे फोडायला असे. त्याला त्यांनी आबांना बोलवायला धाडले. आबा चुलीवरून उठून वर आले आणि फाटकापाशी हात जोडून उभे राहिले. चूल पेटलेली होती. तेव्हा ते बोलले नाहीत.

“हंडा कुठे आहे?” गप्प. “विकलास काय?” गप्प. “मुका आहेस का रे?” गप्पच. मग आबांनी नमस्कार केला आणि पाठ फिरवून चुलीकडे गेले, कारण भात लागला असता.

चुलतभावाने मध्ये पडून सांगायला हवे होते. त्याने सांगितले नाही. घाबरला, असे तो म्हणतो. त्याला मी अजून माफ केलेले नाही आणि ते त्याला ठाऊक आहे.

संध्याकाळच्या आत हंडा घासूनपुसून न्हाणीत परत आला. पण वकिलांनी पाहुण्यांच्या शेऱ्याच्या वहीत लिहून टाकले होते: भांडे जाग्यावर नव्हते, विचारले असता चौकीदाराला उत्तर देता आले नाही, तो चोर आहे, त्याला ठेवू नये. महिन्याने वरून हुकूम आला. आबांची नोकरी गेली, आणि चुलतभाऊ तिथे लागला.

नोकरीचे आबांनी मनाला लावून घेतले नाही. शेत होते. मी अलिबागेस कमावती होते. लागला तो भात. पुढच्या अवसेला गावकीने सांगितले की सरकारी वहीत ज्याला चोर लिहिले आहे त्याच्या हातचा भात मेलेल्यांना कसा घालायचा? आबा म्हणाले, खोटे आहे. गावकीचे मुख्य, गावकर, म्हणाले, “खोटं हाय ते आमाला म्हाईत हाय. पन लिवलेलं हाय. ज्यानं लिवलं त्यानं खोडावं, मग तुमीच रांधा, आमी लाकडं फोडू.”

मी वकिलांना मुंबईला दोन पत्रे टाकली. दोन्हींना उत्तर नाही. ज्या माणसाने मला सोळाव्या वर्षी, नवरा प्लेगात गेल्यावर, सगळ्या भावकीशी भांडून अलिबागेस शिकायला नेऊन घातले, तो माणूस दर अवसेला माळाच्या कडेला जांभळाखाली बसून दुसऱ्याच्या चुलीचा धूर बघत असे. हे चौदा वर्षे चालले. माझ्या मनात काय साठले असेल ते सांगत बसत नाही.

मग चुलतभावाचे कार्ड आले. वकीलसाहेब नाताळच्या सुटीत दोन वर्षे पुन्हा येऊ लागले आहेत, यंदाही सोमवारी, एकतीस तारखेला येणार आहेत, शुक्रवारी रानात जनावर उठवायचा हाका ठरला आहे, परवाना त्या एकाच दिवसाचा आहे. अवस शनिवारी होती. मी कॅलेंडर काढले आणि कामाला लागले.

बंगल्याच्या ओट्यावर नियमांची चौकट टांगलेली आहे. लहानपणी मी तिची काच पुसली आहे. खासगी पाहुण्याने तीन रात्रींहून अधिक राहू नये; सरकारी वा बोर्डाच्या कामावर आलेल्यास जागा लागली तर ती खाली करून द्यावी. मी बोर्डाला अर्ज केला की त्या भागातल्या गरोदर बायका तपासायला एक दिवस बंगला मिळावा, दोन्ही खोल्या लागतील, एक तपासायला, एक बसायला. गरज खोटी नव्हती. त्या गावांतून मला वर्षाला किती अडलेल्या बायका उशिरा येत ते मीच जाणे. पण तारीख मी निवडली होती. अर्ज शुक्रवारसाठी, आदल्या दिवसापासून ताबा. मंजुरी आली ती मी दोनदा घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवली.

बुधवारी सर्व्हिस मोटारीने रेवदंडा, तरीतून खाडी पार, पुढे बैलगाडी. पोचलो तेव्हा ऊन कलले होते. वकील ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेले, आवाज मोठा.

“या, या! नर्सबाई का? बरं झालं. आमच्या शेटजींना गोमाशीने चावलंय. काही लावायला आहे का?”

होते. मी लावले. त्याच हाताने मागच्या खोलीत जाऊन कपाट उघडले आणि जुनी वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. मला इंग्रजी औषधाच्या बाटल्यांपुरते येते, पण तो शब्द येतो. शाई फिकी झाली होती. पहिल्या कामावर मी बारीक खूण केली.

दाई खाटेवर पाय चोळत बसली होती. “तोच का गो हा?”

“तोच.”

“मला वाटलं शिंगं असतील.”

गुरुवारी सकाळी वकीलसाहेब उजवा गाल तासून, डाव्यावर साबण फासून ओट्यावर उभे होते. चुलतभावाला मी पहाटेच सांगून ठेवले होते की हंडा माझ्या कामाला लागणार, कापडे आणि हत्यारे उकळायला. पाहुण्यांना पाणी मिळणार नाही.

“अरे, पाणी आण रे!”

चुलतभाऊ माझ्याकडे बघू लागला. मी म्हणाले, “साहेब, हंडा कामात आहे.”

“कसल्या कामात?”

“माझ्या.” मी चौकटीकडे बोट केले. “आणि कालची आपली तिसरी रात्र होती. आज दुपारपर्यंत खोली मोकळी करून द्यावी लागेल. ही बोर्डाची मंजुरी.”

त्यांनी कागद वाचला. वकील माणूस, नीट वाचला. मग हसले. तोंडावर साबण तसाच. “बाई, उद्या आमचा हाका आहे. परवाना एका दिवसाचा. हाकारे ठरलेत. तुमच्या बायका एका खोलीत बसतील की!”

“दोन लागतात.”

“ओट्यावर बसतील.”

“ओट्यावर बसून पोट तपासून घेतील, तुमच्या शेटजींसमोर?”

मागून दाईने खोकल्यासारखे केले. शेटजी उठून आत गेले.

वकिलांनी आवाज बदलला. मला तो बदल ओळखू आला; साक्षीदाराला गोंजारतात तसा. “बाई, दुसरीकडे उतरायला जागा नाही इथे. रेवदंड्याला गेलो तर पहाटे हाक्याला पोचत नाही. एक रात्र. तुम्हाला काय हवं ते बोला.”

मी याच वाक्याची वाट पाहत होते. आत जाऊन वही आणली, पान उघडून त्यांच्यापुढे धरले.

त्यांनी वाचले. अक्षर आपले आहे म्हणाले. पण आठवेना. त्यांना खरेच आठवत नव्हते, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. आमच्या घरात चौदा वर्षे रोज उठून जेवायला बसणारी गोष्ट यांच्या ध्यानातही नव्हती. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “हां! तो मुका! फाटकाशी उभा होता. अहो, निर्दोष माणूस बोलतो. इतकं विचारलं, एक अक्षर नाही!”

“ते माझे वडील.”

मी त्यांना सांगितले. चूल, भात, एक भांडे, मौन. ते ऐकत गेले. मध्ये एकदा गालावरचा वाळलेला साबण त्यांनी टॉवेलाने पुसला. मी थांबले तेव्हा त्यांनी खाली माळाकडे पाहिले.

“हे मला त्या वेळी कोणी का नाही सांगितलं?”

चुलतभाऊ ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली.

“आणा पेन,” वकील म्हणाले. “एक रेघ मारायची ना? मारतो. खाली सहीही करतो.” आणि त्यांनी हात पुढे केला.

पेन माझ्या पदराआडच्या पिशवीत होते. शाई भरून, सुकत नाही ना हे सकाळी कागदावर बघून आणलेले. तो क्षण मी अनेकदा पुन्हा मोजून पाहिला आहे. हात पुढे होता. वही उघडी होती. मी फक्त पेन द्यायचे होते.

पण मला ते फार सोपे वाटले. आबांनी चौदा अवसा जांभळाखाली काढल्या आणि हा माणूस दाढी अर्धी ठेवून, टॉवेल खांद्यावर टाकून, एका रेघेत सुटणार, वर हाकाही साधणार. मी म्हणाले, “आधी खोली.”

“म्हणजे?”

“आधी सामान बाहेर. आंघोळीविना. मग फाटकाबाहेर जा आणि तिथे उभे राहून खोडा. माझे वडील तिथेच उभे होते. मी गावकरांना बोलावते, लोकांना बघू दे.”

“आणि मग मी रात्र राहू शकतो?”

“नाही.”

त्यांचा हात खाली गेला. आवाज चढला नाही. त्याचेच मला नंतर वाईट वाटले. “बाई, मी खोडणार होतो ते माझी चूक होती म्हणून. तुमच्या हुकमाने खोडणार नाही. मग ती माझी रेघच नाही.” आत वळून म्हणाले, “शेटजी, बांधा सामान.”

चुलतभाऊ कुजबुजला, “अक्का, दे ना पेन. दे ना!”

मी दिले नाही. मला वाटले, जाताना तरी वळतील. बंदुका, पेट्या, खुर्ची, सगळे गाडीत चढले. वकील आंघोळीविना, अर्ध्या दाढीने, फाटकातून गेले. फाटकापाशी बैल अडला आणि गाडी जराशी थांबली. बरोबर त्या जागी. मी ओट्यावरून पाहिले आणि खरे सांगते, मला फार आनंद झाला. दुसऱ्या कामावर मी ठळक खूण केली, कागदाला भोक पडेल इतकी.

दाई वहीकडे बघत होती. “हातात आलेला मासा,” ती म्हणाली, “धुवायला पुन्हा खाडीत नेलास.”

चुलतभावाने सायंकाळी वेगळाच तोडगा आणला. “अक्का, तूच मार रेघ. कोन बघतंय? साहेबानं मारली म्हनू.”

“म्हणजे आपण खरंच चोर होऊ,” मी म्हणाले. तो गेला.

शुक्रवारी बायका आल्या, एकवीस. दोन्ही खोल्या लागल्या. एकीचे मूल आडवे होते; तिला मी त्याच दिवशी गाडीत घालून अलिबागेस रवाना केले. ते काम चोख झाले आणि ते मी कोणालाही हिरावून घेऊ देणार नाही. हाक्याला ठरलेले लोक काम गेल्यामुळे फाटकाबाहेर विड्या ओढत बसले होते. दुपारी ओढ्यापलीकडच्या रानातून भेकर भुंकले. दोनदा. कोणाच्याही बंदुकीला न मिळालेले भेकर. ते ऐकून मला पुन्हा बरे वाटले. पण खाली आबांकडे मात्र मी त्या दिवशी गेले नाही, आदल्या दिवशीही नाही. कामाचे निमित्त होते.

शनिवारी जावेच लागले. माळावर चूल पेटली होती. हंडा चुलतभावानेच खाली आणला होता. आता तो गावकरांच्या चिठ्ठीवर रीतसर जातो. रांधायला गावकरांचा पुतण्या होता. चांगला माणूस, पण त्याचा जाळ नेहमी जास्त, असे गावात म्हणतात.

आबा जांभळाखाली बसले होते. मी शेजारी बसले. म्हणाले, “आबा, मी तुम्हाला सांगायला…” त्यांनी हात वर केला. तेव्हा माझ्या लक्षात आले. चूल पेटलेली होती. रांधायचा मान गेल्याला चौदा वर्षे झाली तरी या दिवशी आबा पाने वाढून होईपर्यंत बोलत नसत. हे मला माहीत नव्हते. अवसेला मी कधी गावी नसे. मला सुटी मिळत नसे. दर वर्षी कोपऱ्यात बसून ते भाताला न शिवता त्याचे मौन पाळत होते.

तेव्हा मीही गप्प बसले. भाताला कढ आला. पुतण्याने लाकडे पुढे सारली. आबांच्या नाकपुड्या फुलल्या, त्यांनी डोळे मिटले, मांडीवरची बोटे हलली: जाळ ओढ, ओढ रे. पुतण्याला दिसत नव्हते. करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला. पळसाची पाने दोन रांगांत मांडली गेली, भात वाढला, मीठ, खोबरे. गावकरांनी पाणी फिरवले. मग आबांनी श्वास सोडला.

“करपला,” ते म्हणाले. चौदा वर्षे दर अवसेला त्यांचा पहिला शब्द बहुधा हाच असणार.

“आबा, तो गेला.”

“आयकलं.” चुलतभाऊ माझ्या आधी येऊन गेला होता. “आंघोळ न करता गेला म्हने?”

“हो. दाढीपण अर्धीच.”

आबा हसले. खाली वाकून, खांदे हलवून, आवाज न करता हसले. मला वाटले जिंकलो. “कुठली बाजू ऱ्हायली?” त्यांनी विचारले.

“डावी.”

“झ्याक.” पुन्हा हसले. मग डोळे पुसून म्हणाले, “आन् शबूद?”

मी वही काढली, याद्यांची माझी, आणि पान त्यांच्यापुढे धरले. त्यांना वाचता येत नाही, पण खुणा दिसतात. त्यांनी बोट पहिल्यावर ठेवले, दुसऱ्यावर ठेवले. तिसऱ्यावर खूण नव्हती. चौथ्यावर नव्हती.

“तो खोडत व्हता,” आबा म्हणाले.

“हो.”

“तू बोललीस.”

“हो.”

समोर गावकरांचा पुतण्या हंड्याच्या तळाचे करपलेले उलथन्याने खरवडत होता. आबांनी तिकडे बघत म्हटले, “तांब्याला वरखडे पाडील मेला.”

आज हे लिहिते आहे तेव्हा १९३८ चा पाऊस उतरत आला आहे. मध्ये तीन अवसा गेल्या. वकीलसाहेब त्या बंगल्यात पुन्हा आले नाहीत. मी त्यांना रजिस्टर पत्र पाठवले. ते ‘घेण्यास नकार’ असे लिहून परत आले. दाई मला विचारते, पस्तावलीस का? आंघोळीचे नाही. हाक्याचे नाही. आजही ती गाडी फाटकात अडलेली आठवली की माझा दिवस चांगला जातो. पण आबांचे डोळे आता अधू झाले आहेत, जाळ त्यांना वासानेच कळतो, आणि तोही फार वर्षे कळेल असे नाही.

म्हणून मी बंगल्याची वही आठ दिवस बाहेर नेण्याची लेखी परवानगी काढली आहे. ती मिळवायला पाच महिने आणि सात अर्ज लागले. आगबोट सुरू झाली की मुंबईला जायचे. वकिलांचा पत्ता आहे. पेन आहे. शाई नवी घेतली.

गेल्या महिन्यात गावी गेले होते तेव्हा आबांना हे सांगितले. ते म्हणाले, “जा. पन चूल पेटल्यागत जा. वही म्होरं कर, पेन म्होरं कर, हात जोड. तोंड उघडू नगंस. तो काय बी बोलंल.”

“आणि त्याने मलाच विचारलं, मुकी आहेस का?”

“तवा बी न्हाय.”

यादी तयार आहे. वही, परवानगी, पेन, शाई, बोटीचे तिकीट. शेवटी ‘न बोलणे’ असे लिहिले आहे आणि त्याची मी घरी आरशापुढे तालीम करते. अर्ध्या दाढीचा तो चेहरा डोळ्यांसमोर आला की तोंडात शब्द येतात. काल पुन्हा आले. तिसऱ्या कामापुढची जागा अजून कोरी आहे आणि तो शब्द बंगल्याच्या कपाटात आहे तिथेच आहे.